किळसवाचक इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि प्रयोग : ‘नॉशस’च्या निमित्ताने

१

प्रकृतीची तक्रार सांगताना इंग्रजीत ‘आय फील नॉशस’ असे म्हणावे की ‘आय फील नॉशिएटेड’ असे म्हणावे, हा वाद वरवर पाहता क्षुल्लक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन लेखनमार्गदर्शकांनी मात्र तो मोठ्या आग्रहाने लढवला. त्यांचा नियम असा : ‘नॉशस’ म्हणजे मळमळ आणणारा आणि ‘नॉशिएटेड’ म्हणजे मळमळ होत असलेला. यास्तव ज्याला मळमळते त्याने स्वतःस ‘नॉशस’ म्हणवून घेणे म्हणजे आपल्या दर्शनाने इतरांस ओकारी येते अशी कबुली देणे होय. विल्यम स्ट्रंक यांच्या लेखनविषयक छोट्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये सिद्ध केली. तिच्या पुढील आवृत्त्यांतून हा नियम थट्टेच्या सुरात मांडलेला आढळतो. आणि थट्टेने सांगितलेला नियम तर्काने सांगितलेल्या नियमापेक्षा अधिक काळ स्मरणात राहतो.

नियमाची परीक्षा करण्यापूर्वी दोन संज्ञा निश्चित करणे सोयीचे होईल. भारतीय रसचर्चेत भाव ज्याच्या ठिकाणी उत्पन्न होतो त्यास आश्रय म्हणतात आणि ज्याला उद्देशून तो उत्पन्न होतो त्यास आलंबन म्हणतात. पानात मेलेली माशी दिसली आणि जेवणाऱ्याला शिसारी आली, तर जेवणारा हा आश्रय आणि माशी हे आलंबन. आधुनिक भाषाविज्ञानातील ‘अनुभविता’ आणि ‘उद्दीपक’ ह्या कल्पना ह्याहून फार निराळ्या नाहीत. ह्या परिभाषेत मार्गदर्शकांचे म्हणणे इतकेच ठरते, की ‘नॉशस’ हे विशेषण आलंबनाचे आहे, आश्रयाचे नव्हे. हे म्हणणे ऐतिहासिक दृष्ट्या खरे आहे काय, आणि खरे नसल्यास त्यामागील चिंता अगदीच निराधार आहे काय, असे दोन प्रश्न येथे उद्भवतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे तितके सोपे नाही आणि महत्त्वाचेही तेच आहे.

२

‘नॉशिया’ हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला. ग्रीकमधील ‘नाउस’ म्हणजे जहाज. संस्कृत ‘नौ’ हा त्याचाच सगोत्र शब्द. नौकेच्या हेलकाव्याने समुद्रप्रवाशास जी मळमळ होते ती ‘नाउसिआ’. पुढे नौका मागे पडली आणि कोणत्याही कारणाने होणाऱ्या मळमळीस हा शब्द लागू झाला. मूळ अर्थातील एक विशेष मात्र टिकून राहिला आहे. समुद्र लागतो तेव्हा कशाची किळस आलेली नसते. पोट ढवळते, पण ज्याच्याकडे बोट दाखवावे असे आलंबन नसते. गर्भारपणातील मळमळ किंवा एखाद्या औषधाने होणारी मळमळ हीही अशीच निरालंब असू शकते. ‘डिस्गस्ट’ला मात्र आलंबन अनिवार्य आहे. मराठीतही हा भेद व्याकरणातच उतरला आहे. ‘मला मळमळते’ हे वाक्य स्वतःपुरते पूर्ण आहे. ‘मला किळस येते’ असे कोणी म्हणताच ‘कशाची?’ हा प्रश्न उभा राहतो. झुरळाची किळस येते, पण झुरळाची मळमळत नाही. फार तर झुरळ पाहून मळमळते.

‘नॉशस’ हे विशेषण सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत दिसू लागते. त्याच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी एका अर्थी ते आश्रयाचे विशेषण आहे : ज्याला चटकन मळमळते असा, नाजूक पोटाचा. मळमळ आणणारा हा आलंबनवाचक अर्थही त्याच सुमारास आढळतो आणि लवकरच तो प्रबळ होतो. पहिला अर्थ मागे पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत ‘मळमळ होत असलेला’ ह्या अर्थाने शब्दाचा उपयोग पुन्हा नोंदलेला सापडतो आणि विसाव्या शतकात तो सार्वत्रिक होतो. मेरियम-वेबस्टरच्या कोशकारांनी वापराचा पुरावा तपासून असा निर्वाळा दिला आहे, की आज ‘नॉशस’चा सर्वाधिक उपयोग आश्रयासाठीच होतो, आलंबनासाठी तो येतो तेव्हा बहुधा लाक्षणिक अर्थाने येतो आणि त्या जागीही ‘नॉशिएटिंग’ हा शब्द त्याला हटवीत आहे. तात्पर्य, मार्गदर्शकांनी जो अर्थ एकमेव शुद्ध म्हणून सांगितला तो ह्या शब्दाच्या इतिहासातील एक मधला टप्पा होता.

३

‘नॉशस’ हा एकटा शब्द असा दोन टोकांमध्ये ये-जा करता, तर त्यास अपवाद म्हणून सोडून देता आले असते. परंतु तिरस्कार आणि किळस दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दांत ही ये-जा वारंवार आढळते.

‘फॅस्टिडियस’चे उदाहरण सर्वात बोलके आहे. लॅटिन ‘फास्तीदिउम’ म्हणजे शिसारी, तिटकारा. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजीत ‘फॅस्टिडियस’ गोष्ट म्हणजे वीट आणणारी गोष्ट, असा आलंबनवाचक अर्थ होता. त्याच्या जोडीने ज्याला सहज वीट येतो असा मनुष्य, हा आश्रयवाचक अर्थही होता. आज पहिला अर्थ पूर्ण लोपला आहे. दुसराही सौम्य होत होत ‘चोखंदळ, काटेकोर’ इथवर आला आहे. पोट ढवळणे हा ज्याचा मूळ व्यापार, तो शब्द आता एखाद्या संपादकाच्या प्रशंसेसाठी वापरला जातो आणि कोणासही त्यात विसंगती वाटत नाही.

‘क्वीझी’ हा शब्द पंधराव्या शतकातला. त्याची व्युत्पत्ती संदिग्ध आहे. पोटाला न मानवणारे अन्नही ‘क्वीझी’ आणि न मानवल्यामुळे अस्वस्थ झालेले पोटही ‘क्वीझी’, असे त्याचे दोन्ही उपयोग कोशांत आहेत. ‘स्क्वीमिश’ मात्र आश्रयाशी घट्ट चिकटून राहिला : रक्त पाहून ज्याचा जीव घाबरा होतो तो ‘स्क्वीमिश’, रक्त नव्हे.

‘लोथ’ ह्या विशेषणाचा प्रवास ‘नॉशस’च्याच दिशेचा, पण त्याहून कितीतरी जुना आहे. प्राचीन इंग्रजीत ह्या शब्दाचे रूप ‘लाथ’ असे होते आणि त्याचा अर्थ होता द्वेष्य, वैरी, नकोसा, म्हणजे आलंबनवाचक. आजच्या इंग्रजीत ‘लोथ’ म्हणजे नाखूष, अनुत्सुक, म्हणजे आश्रयवाचक. जुन्या अर्थाची जागा भरण्यासाठी ‘लोदसम’ हा प्रत्ययान्त शब्द उरला. ‘लोद’ ह्या क्रियापदाचेही असेच घडले. प्राचीन इंग्रजीत ते ‘नकोसे असणे’ ह्या अर्थी येई आणि ज्याला नकोसे वाटे तो चतुर्थीत असे. पुढे तोच कर्ता झाला आणि क्रियापदाचा अर्थ ‘तिरस्कार करणे’ असा स्थिरावला. इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा अभ्यासक ह्या ठिकाणी ‘लाइक’ ह्या क्रियापदाचे स्मरण करील : ‘लाइक’ म्हणजे पूर्वी ‘आवडणे’ होते, पुढे ते ‘आवड धरणे’ झाले. ‘मला आवडते’, ‘मला किळस येते’ ही मराठीने अद्याप राखलेली रचना इंग्रजीनेही एके काळी वापरली आणि नंतर सोडली.

ह्या ये-जा करण्याचे कारण अनुभवाच्या स्वरूपातच असावे. किळस येण्याच्या क्षणी वस्तूचा गुण आणि मनुष्याची अवस्था ह्यांची फारकत होत नाही. दोहोंना एकच नाव पुरते. मराठी ‘विटणे’ ह्या क्रियापदात हेच दिसते. रंग विटतो आणि त्याच त्या कामाला मनुष्यही विटतो. किळसेच्या बाहेरही हा प्रकार आहे. ‘सस्पिशस’ मनुष्य संशय घेणारा असेल किंवा संशयास्पद असेल. ‘फिअरफुल’ भ्यालेला असेल किंवा भयंकर असेल. इंग्रजी भाषकांचे त्यामुळे अडत नाही, कारण वाक्यरचना अर्थ निवडून देते. ‘फील’ ह्या क्रियापदानंतर मनुष्यकर्त्याचे विधेय म्हणून ‘नॉशस’ आला, तर तो आश्रयवाचकच असणार. ‘वास’, ‘धूर’ अशा नामांपूर्वी विशेषण म्हणून आला, तर तो आलंबनवाचकच असणार. ‘आय फील नॉशस’ ह्या वाक्याने श्रोत्याचा खरोखर गैरसमज झाला, असा प्रसंग कल्पनेतच संभवतो. ज्या नियमाच्या भंगाने अर्थाची हानी होत नाही आणि ज्याला इतिहासाचाही आधार नाही, त्याच्या जोरावर उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढणे न्याय्य नाही.

४

ब्रिटिश आणि अमेरिकन प्रयोगांतील भेद ह्या संदर्भात अधिक उपयुक्त आहे, परंतु मार्गदर्शकांनी त्याला तुलनेने थोडी जागा दिली. ‘सिक’ हा जुना जर्मानिक शब्द सर्वसाधारण आजारीपणाचा वाचक होता आणि अमेरिकेत तो आजही तसाच आहे. इंग्लंडमध्ये आजारीपणासाठी ‘इल’ हा स्कँडिनेव्हियातून आलेला शब्द रूढ झाला आणि ‘सिक’चा अर्थ आकुंचित होत पोटापाशी येऊन थांबला. ‘ही वॉज सिक’ ह्या वाक्याचा अर्थ अमेरिकन वाचक ‘तो आजारी होता’ असा घेईल. इंग्रज वाचक संदर्भानुसार ‘त्याला उलटी झाली’ असा घेईल. केवळ मळमळ सांगायची तर अमेरिकन मनुष्यास पोटाचा निराळा उल्लेख करावा लागतो. ‘नॉशस’ला तेथे इतकी मागणी का आली ह्याचे एक कारण ह्या रिकाम्या जागेत असणे संभवनीय आहे. ‘सिक ऑफ’ ह्या प्रयोगात मात्र दोन्ही देश एक होतात. त्याचे मराठी ‘आजारी’ किंवा ‘उलटी’ ह्यांपैकी काहीच नव्हे. ‘वीट येणे’ किंवा ‘उबग येणे’ हेच होय. शब्द तोच ठेवून अव्यय बदलताच अर्थ शरीरातून मनात जातो, हे द्वैभाषिक कोशांत पर्यायांची नुसती रांग लावून दाखविता येत नाही.

ज्याँ-पॉल सार्त्र यांच्या १९३८ मधील फ्रेंच कादंबरीच्या नावाचा प्रश्न येथे लक्षात घेण्याजोगा आहे. लॉइड अलेक्झांडर यांचा इंग्रजी अनुवाद १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत त्याचे नाव ‘नॉशिया’ होते, तर लंडनमध्ये तोच अनुवाद ‘द डायरी ऑफ आंत्वान रोकांतँ’ ह्या नावाने निघाला. एका नावाने अनुभव पुढे केला, दुसऱ्याने अनुभविता. कादंबरीचा नायक प्रथम आपल्यालाच काही झाले आहे असे समजतो. पुढे उपाहारगृहातील प्रसंगात त्याला उलट प्रतीती येते, की ही मळमळ आपल्या आत नाही. ती समोरच्या भिंतीवर, माणसाच्या पोशाखावर, सभोवार आहे आणि आपणच तिच्या आत आहोत. आश्रय आणि आलंबन ह्यांची ही अदलाबदल हा कादंबरीच्या विचाराचा गाभा आहे. ‘किळस’ हा मराठी पर्याय येथे अपुरा पडेल, कारण किळस एखाद्या विवक्षित वस्तूची असते आणि नायकाला वस्तूंचे केवळ असणेच असह्य झालेले आहे. निरालंब असू शकणारी ‘मळमळ’च त्या अनुभवाच्या अधिक जवळ जाते.

५

‘डिस्गस्ट’ हा शब्द फ्रेंचमधून सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याच्या पोटात ‘गुस्तुस’ म्हणजे रुची हा लॅटिन शब्द असल्याने ‘अरुची’ हा त्याचा अक्षरार्थ. शेक्सपिअरच्या नाटकांत तो आढळत नाही. किळस येण्याजोग्या गोष्टींची तेथे वाण नाही. त्यांसाठी ‘लोद’, ‘अबॉर’ अशी अन्य क्रियापदे आणि ‘रँक’, ‘फाउल’ अशी विशेषणे कामास येतात. एखादा शब्द नसणे म्हणजे तो भाव नसणे नव्हे, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे. शब्द असला म्हणजे मात्र तो भावाच्या आकलनावर आपली छाप पाडतो.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भावाविष्कारविषयक ग्रंथात ‘डिस्गस्ट’चा विचार रुचीपासूनच सुरू केला आणि आपल्या प्रवासातील एक प्रसंग दिला. तिएर्रा देल फुएगो येथील एका रहिवाशाने डार्विन खात असलेल्या थंड, डबाबंद मांसाला बोट लावले आणि त्याच्या मऊपणाने त्याला शिसारी आली. इकडे, त्याने आपले अन्न शिवले ह्याची डार्विन यांना शिसारी आली. त्याचे हात मळकट दिसत नव्हते हेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले आहे. ह्या प्रसंगात दोघांपैकी कोणीही काही चाखून बिघडलेले नाही. एकाची किळस स्पर्शातून आली, दुसऱ्याची कल्पनेतून. रुचीच्या व्याख्येखाली दिलेले उदाहरणच त्या व्याख्येच्या बाहेर जाते.

विल्यम इयन मिलर यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात ह्याच मुद्द्यावर बोट ठेवले. इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीने इंग्रजी विचारवंतांस तोंडाकडे खेचले, घ्राण आणि स्पर्श ह्यांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, असा त्यांचा आक्षेप आहे. त्याला बळकटी देणारे प्रमाण जर्मनमध्ये मिळते. तेथील ‘एकेल’ ह्या शब्दात रुचीचा अंश नाही. आणि ऑरेल कोल्नाई यांनी १९२९ मध्ये ह्या भावाचे जे सविस्तर विवेचन केले, त्यात कुजणे, चिकटपणा, वळवळ आणि दुर्गंध ह्यांना मोठे स्थान आहे. तथापि हा आक्षेप सरसकट लागू करता येत नाही. पॉल रोझिन आणि एप्रिल फॅलन यांनी १९८७ मध्ये अन्नग्रहणास केंद्रस्थानी ठेवून ‘डिस्गस्ट’ची मांडणी केली हे खरे, पण नावडती चव आणि किळस ह्यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. निर्जंतुक केलेले झुरळ पेयात बुडवून काढले तरी लोक ते पेय नाकारतात. चव बिघडलेली नसते, अपायही संभवत नसतो. वस्तू ‘काय आहे’ ह्याचे ज्ञानच पुरेसे असते. व्युत्पत्ती ज्याला अरुची म्हणते तो भाव रुचीवर अवलंबून नाही, हे अन्नाला केंद्र मानणाऱ्या संशोधकांनीच दाखविले आहे. सारांश, व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. भावाची व्याख्या तिच्याकडून घेऊ नये.

६

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. आश्रय आणि आलंबन ह्यांत गल्लत होऊ नये, ही मार्गदर्शकांची चिंता निराधार नव्हती. त्यांनी ती चुकीच्या शब्दावर खर्च केली. ‘नॉशस’ संदिग्ध आहे, पण निरुपद्रवी आहे. खरी गफलत ‘डिस्गस्टिंग’, ‘रिपल्सिव्ह’, ‘रिव्होल्टिंग’ ह्या व्याकरणदृष्ट्या निर्दोष विशेषणांत दडलेली असते. ‘ही गोष्ट डिस्गस्टिंग आहे’ ह्या वाक्यात कोणाला किळस आली हे सांगितलेले नाही आणि सांगण्याची व्याकरणाला गरजही नाही. कोणा एकाची प्रतिक्रिया येथे वस्तूचा गुणधर्म म्हणून अवतरते. डार्विन यांनी आपल्या प्रसंगात दोन्ही आश्रयांची नोंद ठेवली म्हणूनच वाचकास विचार करता आला. ‘त्या मनुष्याचा स्पर्श किळसवाणा होता’ एवढेच त्यांनी लिहिले असते तर विचारास वाव उरला नसता.

ह्या विशेषणांचे वजन केवळ कोशापुरते नाही. मानवी क्लोनिंगच्या विरोधात १९९७ मध्ये लिहिताना लिऑन कास यांनी ‘रिपग्नन्स’ ह्या भावनेत एक शहाणपण असते, तर्काला ते पुरते मांडता आले नाही तरी ते मोलाचे असते, अशी भूमिका घेतली. मार्था नुसबाउम यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात नेमका उलट पक्ष मांडला : ह्या भावनेचा उपयोग दुबळ्या समूहांना मानवसमाजाबाहेर ढकलण्यासाठी वारंवार झालेला असल्याने कायद्याचा आधार म्हणून ती विश्वसनीय नाही. मराठी वाचकास ह्या वादाची सत्यता दुरून शोधावी लागत नाही. ‘मला किळस येते’ ह्या वाक्यात बोलणारा निदान स्वतः हजर असतो. ‘विटाळ होतो’ ह्या वाक्यात तो नाहीसा होतो. उरतो तो दुसऱ्या माणसाच्या अंगी चिकटविलेला दोष. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, पण ती ज्या वाक्यरचनेत वावरत होती तिचे विश्लेषण हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

संस्कृत व्याकरणाने आणि रसशास्त्राने ह्या प्रश्नाची जाणीव फार पूर्वी दाखविली आहे. ‘जुगुप्सा’ आणि ‘बीभत्स’ हे दोन्ही शब्द सन्नन्त धातूंपासून झालेले आहेत. पहिल्याच्या मुळाशी ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे हा धातू आहे, म्हणून जुगुप्सेत स्वतःस जपण्याचा, दूर राखण्याचा अंश मुळातच आहे. ‘बीभत्स’ हे आलंबनाचे विशेषण, तर ‘बीभत्सु’ हे आश्रयाचे. अर्जुनाचे हे नाव हीन कर्माचा तिटकारा असलेला म्हणून त्याला मिळाले. इंग्रजीने ‘नॉशस’वर लादू पाहिलेला भेद संस्कृतने एका प्रत्ययाने साधला. मराठीने ‘बीभत्स’ घेतला आणि ‘बीभत्सु’ सोडून दिला, ही निवडही विचार करण्यासारखी आहे.

सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने ‘रसगंगाधरा’त एक शंका उपस्थित केली. रती, क्रोध, भय ह्यांच्या वर्णनात आलंबन आणि आश्रय दोन्ही प्रतीत होतात. हास आणि जुगुप्सा ह्यांत मात्र केवळ आलंबनच दिसते, मग ह्या भावांचा आश्रय कोण? त्याचे समाधान असे, की कोणी एक पाहणारा तेथे गृहीत धरावा, त्याचा आक्षेप करून घ्यावा. काव्याच्या वाचकासाठी दिलेले हे उत्तर इंग्रजी ‘डिस्गस्टिंग’च्या वाचकासही तंतोतंत लागू पडते. वाक्यातून गळालेला तो पाहणारा शोधून काढणे आणि त्याला पुन्हा वाक्यात उभा करणे, हे अनुवादकाचे, कोशकाराचे आणि अध्यापकाचे समान कर्तव्य आहे. ‘आय फील नॉशस’ म्हणणारा विद्यार्थी तर आपल्या वाक्यात आधीच उभा आहे. त्याच्यावर लाल रेघ ओढण्याऐवजी ती ज्या वाक्यात कोणीच उभे नाही त्याच्याखाली ओढली, तर भाषेची आणि विचाराचीही अधिक सेवा घडेल.